मदत हवी आहे: उमेदवाराच्या खर्चाचं रजिस्टर प्रत्यक्ष कसं बघायचं?

एमए पॉलिटिकल सायन्सला आहे, सध्या रिसर्च इंटर्नशिप चालू आहे आणि माझ्या वाट्याला २०२४ च्या विधानसभेतल्या उमेदवारांचे खर्च आलेत (मर्यादा ४० लाख, कागदावर बसवतात बरोबर). स्कॅन केलेल्या पीडीएफ मिळाल्यात पण सगळं हाताने लिहिलेलं, गुलाबी पानांवरचा रोखीचा हिशोब तर काळाकुट्ट आलाय, ओसीआर (स्कॅनमधला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर) करून पाहिलं तर ते ९ ला १ वाचतं. निवडणूक शाखेत फोन केला, म्हणे आरटीआय टाका, पण माझ्याकडे महिनाच उरलाय. निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या नियम ८८ प्रमाणे १ रुपया भरून हिशोब बघता येतो ना, मग अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा आणि त्यातच शॅडो रजिस्टरही (उमेदवाराच्या खर्चाची निवडणूक यंत्रणा स्वतः ठेवते ती समांतर नोंद) दाखवतात का, की त्याला वेगळा अर्ज लागतो?