शिक्षण सर्वेक्षणाची माहिती गावात कशी पोहोचवावी आणि निकालांचा उपयोग कसा करावा? सल्ला हवा

धागाकर्ती (यवतमाळ जिल्हा):
नमस्कार. आमची संस्था बचत गटांसोबत काम करते. यंदा ‘असर’ सर्वेक्षणात (ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणारे ‘प्रथम’ संस्थेचे सर्वेक्षण) साथी संस्था म्हणून सहभागी होण्याचा विचार आहे. गावाला आधी काय सांगावे आणि अहवाल कपाटात पडून न राहता पालकांपर्यंत कसा न्यावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. आमच्या भागात काही कोलाम पोडही (कोलाम आदिवासींच्या वस्त्या) आहेत.

उत्तर (अमरावती जिल्हा):
ताई, सरपंच आणि मुख्याध्यापक यांना शक्यतो एकाच दिवशी भेटावे. ही शाळेची परीक्षा नाही, मुलांची पडताळणी घरी होते आणि तिच्यावरून कोणतीही योजना मिळणार किंवा बंद होणार नाही, हे स्वच्छ सांगावे. दवंडीपेक्षा ग्रामसंघाच्या (गावातील बचत गटांच्या संघाच्या) बैठकीत सांगितलेले अधिक लक्षात राहते. ‘आमचे घर का घेतले नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. म्हणून गावाचा नकाशा काढून त्याचे चार भाग करतात आणि प्रत्येक भागातून पाच घरे ठरलेल्या अंतराने निवडतात, ही पद्धत आधीच समजावून द्यावी. कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारीही आईवडील सकाळीच शेतात जातात, तेव्हा सर्वेक्षणाची तारीख बैठकीत अवश्य कळवावी.

उत्तर (चंद्रपूर जिल्हा, निवृत्त केंद्रप्रमुख):
निकालांबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे, एवढ्या नमुन्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, एखाद्या गावाचा किंवा शाळेचा नाही. जिल्ह्याचा आकडा दाखवून एखाद्या गुरुजींना जाब विचारला, तर ती शाळा पुढे संस्थेला दारात उभे करणार नाही, आणि ते योग्यच ठरेल. गावाचे चित्र हवे असल्यास त्याच साधनांनी गावातील सर्व मुलांची पडताळणी करावी. अक्षरे, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असलेला तो कागद आईच्या समोर मुलाच्या हाती द्यावा. पाचवीतले मूल परिच्छेदावर अडखळताना तिने पाहिले, की टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही. मुलांची नावे मात्र सभेत वाचू नयेत.

‘असर २०२४’चा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. अहवाल असा जानेवारीत आल्यास १ मेची ग्रामसभा हाताशी असते. तत्पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीत चर्चा व्हावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. उन्हाळी सुट्टीत गावातीलच शिकलेल्या मुलींनी रोज तासभर वाचनवर्ग घ्यावा आणि त्याच्या साहित्याचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरावा, असा नेमका ठराव मागावा. ‘शिक्षणाकडे लक्ष द्यावे’ अशा मोघम ठरावातून काहीही निघत नाही.

उत्तर (अमरावती जिल्हा):
पोडांविषयी राहिले. पोड मूळ गावापासून दूर असेल, तर नकाशा काढताना तो सुटण्याची भीती असते. त्यामुळे नकाशाच्या वेळी पोडातील एखादी व्यक्ती सोबत घ्यावी. वाचनाचा मजकूर मराठीत असतो आणि मूल घरी कोलामी बोलते, हे निकाल सांगताना प्रत्येक वेळी स्पष्ट करावे, नाहीतर भाषेची अडचण मुलाच्या बुद्धीच्या माथी मारली जाते. सूचना समजावण्यासाठी कोलामी जाणणारा स्वयंसेवक मिळाल्यास उत्तम.