चक्कर, घेरी, भोवळ की अंधारी? डॉक्टरांना नक्की काय सांगायचं?

मंडळी, एक शंका. परवा सकाळच्या फास्ट लोकलमध्ये घाटकोपर सुटल्यावर मला एकदम कसंतरीच व्हायला लागलं, छातीत धडधड, हात गार, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, डोळ्यांपुढे काळं काळं, आता पडतेच की काय असं झालं पण पडले नाही, एका मावशींनी उठून जागा दिली. डॉक्टरांना सांगितलं चक्कर आली, तर ते म्हणे घर फिरल्यासारखं झालं की अंधारी आली? मी गप्पच. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो ना? आणि हे पडता पडता राहणं, त्याला वेगळा शब्द आहे का?

—

चक्कर म्हणजे मुळात चक्र, त्यामुळे गरगरणं हाच त्याचा खरा अर्थ. भोवळ, भोवंड पण त्याच घरातले, भोवरा आठवा. फुगडी घालून थांबल्यावर होतं ते. कानाच्या आतले बारीक कण सरकले की कूस बदलताना जे फिरतं ते हेच. अंधारी येणं वेगळं, त्यात काही फिरत नाही, डोक्याला रक्त कमी पडतं. घेरी मात्र लोक दोन्हीकडे वापरतात म्हणून डॉक्टरांपुढे तो शब्द टाळलेला बरा. बेशुद्ध पडलात तर मूर्च्छा, क्षणभरच शुद्ध गेली तर झीट. तुमचं त्याच्या अलीकडचं, मी तर सरळ "अंधारी आली पण शुद्ध गेली नाही" असंच सांगेन.

—

खरी गंमत "घाबरं होणं" या शब्दात आहे. माझी आजी "जीव घाबरा होतोय" म्हणायची तेव्हा तिला कशाची भीती वाटत नसायची, शुगर उतरलेली असायची (७० च्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड, ओठांना मुंग्यासुद्धा). ऐकणारा मात्र म्हणतो टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे शरीराचं घाबरणं आणि मनाचं घाबरणं एकाच शब्दात, त्यामुळे बायकांच्या तक्रारी तर हमखास टेन्शनच्या खात्यात जातात.

—

पण ताई, टेन्शनचं खातं अगदी खोटं नाही हां. गर्दीत नकळत भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त थोडं अल्कलाइन होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या, कधी बोटं आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात म्हणून डोकं हलकं. मात्र नुसत्या पॅनिकमध्ये बीपी सहसा वाढतं, खरोखर शुद्ध हरपणं कमीच. खूप वेळ उभं राहून, उकाड्यात, उपाशीपोटी होतं त्यात बीपी आणि नाडी दोन्ही खाली येतात, तेव्हा लोक खरंच पडतात. शिवाय हिमोग्लोबिन कमी, बी ट्वेल्व्ह कमी (मुंग्यांना हे आपल्या शाकाहाऱ्यांत नेहमीचं), थायरॉइड, हृदयाचे ठोके बिघडणं, सगळं एकसारखंच दिसतं. ठोके अचानक सुरू होऊन अचानक थांबले का, तेही सांगा. आणि मुंग्या एकाच बाजूला, बोलणं जड, छातीत दुखणं किंवा जिना चढताना शुद्ध जाणं असेल तर शब्दांचा कीस पाडत बसू नका, १०८ लावा.

—

अवांतर: मुंग्यांना इंग्रजीतही एक शब्द आहे, फॉर्मिकेशन, लॅटिन फॉर्मिका म्हणजे मुंगीच. अंगावर मुंग्या फिरल्याच्या भासाला तो वापरतात. चावणाऱ्या की साध्या ते विचारू नका 😄

—

धन्यवाद सगळ्यांना. चिठ्ठीवर लिहून नेलं: अंधारी, फिरत नव्हतं, दोन्ही हातांना मुंग्या, शुद्ध होती, सकाळी फक्त चहा. डॉक्टरांनी झोपवून आणि उभं करून बीपी घेतलं, ईसीजी काढला, रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट उद्या. आई म्हणतेय गॅस झाला असेल.