उतारा, अवतरण की दाखला?

तापीकाठ: एम.ए.चा लघुप्रबंध लिहितेय, विषय केळी बागायतीतले शब्द. 'पुढील उतारा पाहा' असं लिहिलं होतं. सरांनी लाल पेनाने 'उतारा' खोडून 'अवतरण' केलं आणि समासात लिहिलं, 'उतारा सातबाराचा असतो.' दहावीपर्यंत आम्ही 'उतारा वाचून उत्तरे लिहा' करत आलो, ते काय होतं मग?

भुसावळ जंक्शन: सातबाराचाच कशाला भो, रात्रीच्या बैठकीवर सकाळी लागतो तोही उताराच. आमची आजी लिंबू-भात ओवाळून तिठ्यावर ठेवायची, तोही.

समासचिन्ह: गंमत पुरे. अवतरणात अव + तॄ, उतरण्यात उत् + तॄ, धातू एकच. फरक वापराचा. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे चिन्हांत घेतले की अवतरण, सलग मोठा मजकूर वेगळा काढला की उतारा, नुसता आधार दिला की दाखला. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत 40 किंवा जास्त शब्द असतील तर वेगळा परिच्छेद, समास सोडून, अवतरणचिन्हं न लावता. एमएलए या दुसऱ्या पद्धतीत गद्याच्या चार ओळींहून जास्त झालं की.

भुसावळ जंक्शन: म्हणजे 39 शब्दांपर्यंत अवतरण, चाळिसाव्याला उतारा!

धुळेकर: 'दाखला' नका लिहू ताई. आपल्याकडे दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा.

तापीकाठ: खरी अडचण पुढेच आहे. त्या उताऱ्यात बागेत राबणाऱ्या एका आजींचं बोलणं आहे, मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं: 'रातभर केयीले पानी देलं, डोयाले डोया नही लागला.' सरांनी 'केयीले'चं 'केळीला' केलं, 'पानी'चं 'पाणी'. मग ते अवतरण तरी राहिलं का?

समासचिन्ह: सरांना आधार आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या लेखननियमांत 1972 साली भर पडली. केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळानुसार छापावं, नंतरचं नियमांनुसार, असं त्यात आहे. आजी चिपळूणकरांनंतरच्या.

भुसावळ जंक्शन: बहिणाबाईंची गाणी 1952 साली छापली गेली. तीही केशवसुतांनंतरचीच की. लावा लाल पेन!

मेहरूणची बोरं: नियम लेखनाचा आहे हो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी ऐकून उतरवून घेतलं. उतरवलं तो उतारा, मला तर हाच शब्द चपखल वाटतो. आजीही बोलल्यात, लिहिलेलं नाही. आणि लेवागणबोलीत, म्हणजे जळगावकडच्या लेवा पाटलांच्या बोलीत, 'केळी' कोण म्हणतं?

धुळेकर: लेवागणबोली कशावरून? आमच्या अहिराणीतही 'डोया'च, आणि 'माले-तुले'ही आमचंच.

मेहरूणची बोरं: अहिराणीत षष्ठी 'ना-नी-नं' होते, 'आमना गावना'. लेव्यांकडे 'आमच्या गावचा'.

धुळेकर: बरं, मग या वाक्यात षष्ठी कुठाय?

समासचिन्ह: मूळ प्रश्न अवतरणाचा होता.

मेहरूणची बोरं: तुम्हीच तर चिपळूणकर काढले.

तापीकाठ: आज जाऊन आजींना रेकॉर्डिंग ऐकवलं. वहीतलं वाक्यही वाचून दाखवलं. पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणाल्या, 'कालिजात हे नको दाखवू पोरी. मी केळीच म्हटलं व्हतं.' सरांना आता काय सांगू?

धुळेकर: 'व्हतं' म्हणाल्या ना? पण षष्ठीचं विचारलं का?