मेलॅनिनचे दाणे कोण वळतं?

शाईचोर:
प्रश्न बावळट वाटेल पण विचारतोच. कटलफिशच्या शाईतल्या मेलॅनिनचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधला फोटो बघितला, सगळे गोल दाणे, जवळपास एकाच मापाचे, गोट्या ओतल्यासारखे. मला वाटायचं मेलॅनिन म्हणजे नुसता विरघळलेला काळा रंग. मग हे दाणे वळतं कोण, साचा असतो का?

चष्मेबहाद्दर:
विरघळलेला कुठला, पाण्यात तो विरघळतच नाही, म्हणून तर त्याची नेमकी रचना काढताना लोकांच्या नाकी नऊ आले. सुरुवात टायरोसिन या अमिनो आम्लापासून, टायरोसिनेज एन्झाइम त्याचं ऑक्सिडेशन करतं, पुढे डायहायड्रॉक्सिइंडोलसारखे रेणू होतात आणि त्यातले चार-सहा एकमेकांना पक्के जोडले जाऊन चपटी चकती बनते. या चकत्या मग ताटांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात, मध्ये अंतर साधारण ०.३४ नॅनोमीटर, आणि इथे पक्का बंध वगैरे नाही, नुसती ओढ. चळती आपोआप गोळा होऊन बारके गोळे, ते गोळे मिळून तुझा दाणा, १५० नॅनोमीटरच्या आसपास. एका केसाच्या जाडीत असे चारेकशे ओळीने बसतील.

रिकामटेकडा:
"आपोआप" एवढं सरसकट नको हां. आपल्या त्वचेत मेलॅनोसोम नावाच्या पिशवीत आधी पीमेल प्रोटीनचे धागे ताणले जातात, बाजेच्या सुंभासारखे, आणि मेलॅनिन त्यांच्यावर साचत जातं, शेवटी धागे दिसेनासेच होतात. म्हणून आपले काळे दाणे लांबट. गंमत म्हणजे हे धागे अमायलॉइड, अल्झायमरमध्ये ज्याच्या नावाने शंख होतो त्याच जातीचे, इथे मात्र सरळ कामाला जुंपलेत.

चष्मेबहाद्दर:
मान्य, पण चळत लागायला धागा लागत नाही. डोपामाइन, अमोनिया घालून जरा अल्कलाइन केलेलं पाणी, हवा, आणि ढवळत ठेवायचं, पॉलिडोपामाइनचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मेलॅनिनचे, गोळे तयार, त्यात धागा नाही की पिशवी नाही. कॉलेजात केलंय मी, पाणी पिवळसर, मग तपकिरी, मग काळंकुट्ट, आणि ढवळायचं ते चुंबकाचं पांढरं कांडकं जे काळं झालं ते कितीही घासलं तरी निघेना, सरांनी ऐकवलं ते वेगळंच. अमोनिया वाढवला की गोळे लहान होतात, म्हणजे मापही बरंचसं द्रावणच ठरवतं.

शाईचोर:
एवढी रचून ठेवलेली चळत, मग स्फटिक का नाही होत?

रिकामटेकडा:
कारण ताटं एका मापाची नाहीत रे. कुठली लहान, कुठली मोठी, कुठली वेडीवाकडी जोडलेली, त्यामुळे चार-पाच थरांपुढे शिस्त मोडते. पण प्रत्येक जात प्रकाशाचा वेगळा भाग गिळते, सगळ्या मिळून जवळजवळ सगळाच. एकसारखी असती तर एखादा ठरावीक रंग दिसला असता, काळा नाही.

शाईचोर:
म्हणजे काळा रंग हा त्या पसाऱ्याचाच. हे डोक्यात आलंच नव्हतं.