कॅडिलॅक ईएलआर २०१६: नवी व्होल्टेक येणार की जुनीच सुधारून?

ट्रॉयकर | १७ फेब्रुवारी २०१५

कॅडिलॅकच्या ईएलआरचं, म्हणजे प्लगने चार्ज होणाऱ्या आणि सोबत पेट्रोल इंजिन असलेल्या कूपेचं (दोन दारी गाडीचं), २०१५ मॉडेल इयर आलंच नाही. २०१४ची कोरी गाडी अजून डीलरांकडे उभी आहे आणि आता थेट २०१६ येणार असं दिसतंय. गेल्या महिन्यात डेट्रॉइटच्या शोमध्ये नवी शेव्हरोले व्होल्ट दाखवली: १८.४ केडब्ल्यूएच (किलोवॉट-तास) बॅटरी, १.५ लिटर इंजिन, विजेवर ५० मैल. जुनी ईएलआर व्होल्टच्याच सांगाड्यावर आहे, म्हणून जाणकारांना विचारतो.

२०१६च्या ईएलआरमध्ये ही नवी यंत्रणा (व्होल्टेक, म्हणजे बॅटरी, मोटर आणि इंजिन यांची जोडणी) येईल का? येणार नसेल तर नेमकं काय बदलेल? आणि सूट मिळतेय तोवर २०१४ घ्यावी की थांबावं? रोजचा प्रवास ४४ मैल, घरी २४० व्होल्टचा चार्जर, हिवाळा मिशिगनचा. माणसं दोनच, त्यामुळे मागची सीट लहान असली तरी चालेल.

क्लचप्लेट | १७ फेब्रुवारी

नवी यंत्रणा येणार नाही, असा माझा ठाम अंदाज आहे. कारणं सांगतो.

विजेच्या बाजूने पाहिलं तर जुना आणि नवा पॅक भाऊभाऊच आहेत. जुन्यात २८८ सेल, म्हणजे तीन-तीन सेलचे ९६ गट एकामागोमाग जोडलेले. नव्यात १९२ सेल, म्हणजे दोन-दोनचे ९६ गट. गटांची संख्या तीच, म्हणून व्होल्टेजही जवळपास तेच. अडचण सगळी लोखंडाची आहे. नवी व्होल्ट डी२एक्सएक्स प्लॅटफॉर्मवर आहे, ईएलआर जुन्या डेल्टावर. पॅकची पेटी, तिचे बोल्ट, कूलंटच्या नळ्या, खालच्या फ्लोअरचा आकार, सगळं वेगळं. पुढे तर आणखी कठीण. जुन्या व्होल्टेकमध्ये इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग) ड्राइव्ह युनिटच्या (मोटर आणि गिअरच्या पेटीच्या) वर स्वतंत्र बसतो आणि जाड नारिंगी केबलने जोडलेला असतो. नव्यात तो ड्राइव्ह युनिटच्या पोटातच आहे, आणि युनिट साधारण ४५ किलोने हलकं झालंय. म्हणजे माउंटिंग बदलणार, पुढच्या भागाचं वजन बदलणार, आणि ते बदललं की सस्पेन्शनचं ट्यूनिंग, क्रॅश टेस्ट आणि एमिशनचं सर्टिफिकेशन पुन्हा करावं लागणार.

एवढा खर्च वाटायचा कशावर? २०१४ साली अमेरिकेत १,३१० ईएलआर विकल्या गेल्या. एवढ्या गाड्यांसाठी कुणी नवीन सबफ्रेम बनवत नाही.

मग शक्य काय आहे? जे फुकट मिळतंय ते. २०१५च्या व्होल्टमध्ये १७.१ केडब्ल्यूएचचा पॅक आलाय, पेटी तीच, आतले सेल थोडे सुधारलेले. हा पॅक ईएलआरमध्ये जसाच्या तसा बसेल. सध्याच्या १६.५ पेक्षा वाढ साडेतीन टक्क्यांची, म्हणजे ३७ मैलांचे ३८, फार तर ३९. त्यातही गंमत अशी की २०१५ व्होल्टच्या ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) लेबलवर ३८ मैलच कायम ठेवले. त्यामुळे लेबल बदललं नाही म्हणून पॅक बदलला नाही, असा अर्थ काढू नका.

माझ्या मते खरा बदल ताकदीत होईल. ईएलआरचं वजन ४,०५० पौंड, व्होल्टपेक्षा अडीचशे पौंडांहून जास्त, आणि ० ते ६० मैलांना जवळपास ८ सेकंद. ७५,९९५ डॉलरच्या कूपेला हे शोभत नाही, आणि टीकाही यावरच झाली. इथे सॉफ्टवेअरला वाव आहे. बॅटरी भरलेली असताना गाडी फक्त बॅटरीतून वीज घेते. ती संपून इंजिन सुरू झालं की जनरेटर मोटरची वीज बॅटरीच्या विजेत मिळते, म्हणूनच या गाडीची जास्तीत जास्त ताकद एक्स्टेंडेड रेंजमध्ये मिळते. बॅटरीतून किती अँपिअर किती सेकंद ओढायचे, इन्व्हर्टर किती गरम होऊ द्यायचा, टॉर्क किती लवकर सोडायचा, या मर्यादा कॅलिब्रेशनमध्ये लिहिलेल्या असतात. नव्या सेलना जास्त करंट झेपत असेल तर या मर्यादा वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सुटे भाग न बदलता ० ते ६० मध्ये सेकंदभर तरी नक्की निघेल. टॉर्क वाढवला तर पुढची चाकं फिरू नयेत म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल आणि टायर दोन्ही पाहावे लागतील. पुढे हायपर स्ट्रट (पुढच्या सस्पेन्शनचा एक प्रकार) आधीच आहे, त्यामुळे स्टिअरिंग हातातून ओढलं जाण्याचा त्रास कमी राहील.

आणि किंमत. ती कमी केल्याशिवाय ही गाडी हलणार नाही. यांत्रिक बदलांपेक्षा मला याची खात्री जास्त आहे.

पुणेरी_व्होल्ट | १८ फेब्रुवारी

क्लचप्लेट यांच्याशी बव्हंशी सहमत. एकच प्रश्न: ताकद सॉफ्टवेअरनेच वाढणार असेल तर ते अपडेट २०१४च्या गाड्यांनाही मिळेल ना? मग आत्ताच सवलतीत घेऊन ठेवायला काय हरकत?

क्लचप्लेट | १८ फेब्रुवारी

त्या आशेवर घेऊ नका. नवं कॅलिब्रेशन नव्या सेलसाठी लिहिलेलं असेल. तेवढाच करंट जुन्या १६.५ च्या पॅकमधून ओढला तर थंडीत सेलचं व्होल्टेज जास्त पडेल, उन्हाळ्यात उष्णता वाढेल, आणि बॅटरीवरची ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी कंपनीच्याच अंगावर येईल. आधीचा अनुभवही तसाच आहे. २०१३च्या व्होल्टचा पॅक १६ वरून १६.५ झाला, रेंज ३५ वरून ३८ मैल झाली, पण २०११-१२च्या गाड्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

सुटेभाग | १८ फेब्रुवारी

अंदाज बांधण्यापेक्षा कागद कुठे पाहायचे ते सांगतो.

व्हिनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) दहावं अक्षर मॉडेल इयर दाखवतं: ई म्हणजे २०१४, एफ म्हणजे २०१५, जी म्हणजे २०१६. डीलर ‘नवीन मॉडेल’ म्हणाला तरी काचेखालचं हे अक्षर पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. गाडी बाजारात यायच्या आधी डीलर आणि फ्लीटसाठीची ऑर्डर गाइड निघते. त्यात रंग आणि पर्यायांचे कोड असतात आणि नवं पॅकेज असेल तर तिथे आधी दिसतं. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचे एक्झिक्युटिव्ह ऑर्डरही (प्रदूषण मंजुरीचे आदेश) उघड असतात. त्यात इंजिन १.४ आहे की १.५ हे स्पष्ट लिहिलेलं असतं. १.४ दिसलं की नव्या व्होल्टेकचा विषय तिथेच संपला.

आता २०१४ची कोरी गाडी घ्यायची असेल तर. हिचा धोका मैलांचा नाही, उभं राहण्याचा आहे.

१२ व्होल्टची बॅटरी डिकीत आहे. महिनोन्‌महिने लॉटमध्ये राहून ती पूर्ण उतरते, आणि एकदा तसं झालं की पुढे वेगवेगळ्या मॉड्यूलच्या विचित्र सूचना येतात. लोड टेस्ट करायला सांगा. नापास झाली तर व्यवहारातच नवी बसवून घ्या, आणि ती व्हेंट नळी असलेली एजीएमच (सीलबंद प्रकारची) हवी. टायर २० इंची, २४५/४०. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. एका जागी उभं राहून सपाट झालेला टायर ५० मैलांच्या वेगाला थरथर देतो, म्हणून टेस्ट ड्राइव्ह फ्रीवेवर घ्या.

बॉनेट उघडून कूलंटच्या टाक्या पाहा. इंजिन, बॅटरी आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची वेगवेगळी सर्किट आहेत. बॅटरीच्या टाकीची पातळी खुणेखाली असेल तर घरी आणून भरू नका, वॉरंटीत दाब लावून गळती तपासून घ्या. पातळी घटली की सेन्सर चार्जिंगच बंद पाडतो आणि सर्व्हिसची सूचना लावतो. पेट्रोलही जुनं असू शकतं. सरासरी वय वर्षावर गेलं की गाडी ते संपवण्यासाठी स्वतःच इंजिन चालवते, तो बिघाड नव्हे. शेवटी सरकारी रिकॉलच्या साइटवर व्हिन टाकून काही काम बाकी आहे का ते पाहा.

ट्रॉयकर | १९ फेब्रुवारी

सुटेभाग, कागदांची ही माहिती फार उपयोगी. पॅक मोठा झाला तर अमेरिकी केंद्र सरकारची करसवलत वाढेल का? आणि थंडीत ४४ मैलांचं गणित कसं बसेल?

सुटेभाग | १९ फेब्रुवारी

सवलत वाढणार नाही. २०१५च्या नियमाने ५ केडब्ल्यूएचला २,९१७ डॉलर, पुढच्या प्रत्येक केडब्ल्यूएचला ४१७, कमाल ७,५००. १६ ला ही कमाल गाठली जाते, म्हणून १६.५ असो की १७.१, रक्कम तीच. मात्र दोन अटी नीट पाहा. हा पैसा परत मिळत नाही, भरायच्या करातून वजा होतो. त्या वर्षाचा तुमचा केंद्रीय कर ७,५०० पेक्षा कमी असेल तर उरलेली रक्कम बुडाली. दुसरं, गाडीचा पहिला वापर तुमचा असला पाहिजे. डीलरने ती ग्राहकांना तात्पुरती द्यायला स्वतःच्या नावावर नोंदवली असेल, तर मीटरवर कितीही कमी मैल असोत, सवलत गेली. टायटलचा (मालकीच्या नोंदीचा) इतिहास लेखी मागा. लीजवर घेतलीत तर सवलत लीज कंपनीची; ती मासिक हप्त्यात उतरली आहे का ते करारातल्या कॅप कॉस्ट रिडक्शनच्या ओळीत दिसतं.

क्लचप्लेट | १९ फेब्रुवारी

थंडीचं गणित असं. जानेवारीत हीटरसकट विजेवर २५ मैल धरा. ४४ पैकी १९ मैल पेट्रोलवर, ३३ मैल प्रति गॅलनने सुमारे ०.६ गॅलन. उन्हाळ्यात पेट्रोलवर ७ मैल, म्हणजे ०.२ गॅलन. गाडी प्लगला असतानाच केबिन गरम करा, वाटेत सीट हीटरवर भर द्या आणि पंख्याला इको ठेवा, म्हणजे २५ वर चार-पाच मैल तरी वाढतील. फ्रीवेचा लांब टप्पा असेल तर तिथे होल्ड मोड (बॅटरी राखून इंजिनवर चालणं) लावा आणि वीज शहरातल्या रस्त्यांसाठी राखा. कडाक्याच्या थंडीत पॅक भरलेला असूनही इंजिन अधूनमधून सुरू होतं, ते केबिनच्या उष्णतेसाठी.

आता २०१६च्या पॅकने दोन मैल वाढले असं समजा. वर्षाला २५० कामाचे दिवस, ५०० मैल, १५ गॅलन पेट्रोल. तेवढ्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. जोरदार पिकअप हवा असेल तरच थांबा, आणि तेव्हाही ऑर्डर गाइडमध्ये तो दिसल्यावरच. रेंज हाच मुद्दा असेल तर नवी व्होल्ट घ्या, तिच्या इंजिनाला साधं (प्रीमियम नसलेलं) पेट्रोल चालतं. ईएलआरची कूपे बॉडी आणि आतलं काम आवडलं असेल तर २०१४ घ्या, पण भाव असा पाडा की २०१६ची किंमत उतरली तरी चुटपुट लागणार नाही. लेबलवरच्या ७५,९९५ वर ‘इतकी सूट’ हे ऐकूच नका, उलट लीजचा हप्ता आणि तीन वर्षांनंतरची धरलेली किंमत, हे दोनच आकडे विचारा.

ट्रॉयकर | २० फेब्रुवारी

समजलं. टायटलचा इतिहास आणि १२ व्होल्टची लोड टेस्ट, दोन्ही उद्याच मागतो.