८ माणसं, २५ हजार आणि इमॅजिका: पैसे नेमके कुठे वाचतात?

वर्तकनगरची_वहिनी

नमस्कार मंडळी. नणंद भाऊबीजेला माहेरी येतेय, नवरा आणि मुलासकट. आम्ही चौघं, ते तिघं आणि सासूबाई, म्हणजे ८ डोकी. माझी मोठी ११ वर्षांची, धाकटा ५ चा, भाचा १३ चा. तिघांनी मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कचा धोशा लावलाय. मिस्टर म्हणतात, "एवढं जातोच आहोत तर एक रात्र तिथल्याच हॉटेलात राहू." आमच्या घरात "एवढं जातोच आहोत तर" या वाक्याने आजवर बरंच दिवाळं काढलंय, म्हणून इथे विचारतेय. सगळं धरून २५ हजारांच्या वर जायचं नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण सगळे गेले आणि त्या एकट्या घरी, हे बरं दिसत नाही.

तिकिटांच्या ऑफर माझ्या मला सापडतील. बाकीचं सांगा.

कळवा_स्लो

खोपोली लोकल पकडा. ठाण्याहून थेट गाड्या मोजक्याच, नाहीतर कर्जतला बदलायची. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, भाडं बसायच्या आधी ठरवा आणि परत न्यायला येणार का तेही तेव्हाच विचारा. संध्याकाळी पार्क सुटलं की सगळे एकदम बाहेर पडतात.

वर्तकनगरची_वहिनी

सासूबाईंना कर्जतचा जिना नाही जमणार हो. दोन गाड्या आहेत आमच्या.

नेरूळ_पूर्व

५ वर्षांच्या मुलाला खोपोलीपर्यंत न्यायचं कशाला? आमच्या नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये टॉय ट्रेन आहे, सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. महापालिकेचं असल्यामुळे तिकीटही खिशाला झेपणारं. धाकटा खूश होईल. १३ वर्षांचा भाचा तोंड फुगवेल, ते तुमचं तुम्ही बघा.

महापेचा_अकाउंटंट

ताई, दिवसभर लोकांची बिलं तपासणं हेच माझं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी वार ठरवा. ऐन दिवाळीत आणि शनिवार-रविवारी दरही चढे आणि रांगाही. पण मराठी शाळांची सुट्टी भाऊबीजेनंतरही चालू असते. बऱ्याच इंग्रजी शाळा मात्र लगेच उघडतात, कारण त्यांची मोठी सुट्टी नाताळात. ऑफिसंही सुरू झालेली असतात. त्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार गाठा. भाच्याची शाळा कधी उघडते ते नणंदेला आजच विचारा, नाहीतर सगळं त्यावर अडेल. हे गणित दिवाळीपुरतंच बरं का. डिसेंबर-जानेवारीतला मधला वार फसवा असतो. शाळांच्या सहली येतात आणि प्रत्येक राइडसमोर एकसारख्या टोप्या घातलेली अख्खी सातवी ब उभी असते.

वार बरोबर साधला तर रांग टाळायचा जादा पैशांचा पास लागत नाही. गेट उघडायच्या आधी पोहोचा आणि आत शिरल्यावर जवळच्या राइडला न थांबता टोकाला चालत जा. बहुतेक लोक दिसेल त्या पहिल्या रांगेला चिकटतात.

दुसरं, मुलांची उंची. मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. आज संध्याकाळीच तिघांना दाराच्या चौकटीला उभं करून, चपला काढून मोजा आणि साइटवर सध्याचे गट काय आहेत ते बघा. ११ वर्षांची मुलगी मोठ्यांच्या तिकिटात जाण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा बजेट तसंच धरा. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरलाही किमान उंची लागते. भाचा बसेल, धाकट्याचा प्रश्नच नाही, मुलीचं मात्र काठावर असेल. तिथे गेल्यावर पट्टीपाशी रडारड होण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं.

थीम पार्क आणि वॉटर पार्कचं एकत्र तिकीट एकाच दिवसासाठी घेऊ नका. कागदावर स्वस्त दिसतं, पण पाण्यात गेलेली पोरं दोन-अडीच तास बाहेर येत नाहीत. वर ८ जणांचे नायलॉनचे कपडे भाड्याने किंवा विकत, लॉकर, टॉवेल, शिवाय ओल्या केसांच्या तक्रारी. एकच निवडा.

आता हॉटेल. ८ जणांना तीन खोल्या लागणार. साइटवरचा आकडा करासकट आहे की कर वेगळा, हे आधी बघा. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलात की १८. म्हणजे दर थोडासाच वाढला तरी बिल चांगलंच फुगतं. नाशिक-नगरकडून येणाऱ्याने राहणं समजू शकतो. ठाण्याहून गाडीने दोन तासांच्या आत-बाहेरचा रस्ता. मिस्टरांना म्हणावं, त्या रात्रीच्या पैशांत घरी दोनदा श्रीखंड-पुरीची पंगत उठेल.

गाड्या दोन आहेत ते छानच. भाड्याची मोठी गाडी केलीत तर बाहेरगावच्या फेरीला ट्रॅव्हलवाले दिवसाला २५०-३०० किलोमीटरचं किमान भाडं लावतात. तुमचं जाऊन-येऊन एवढं होतच नाही. ऐरोली आणि मुलुंडच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही. टोल वाचवायला जुना हायवे धरू नका, शेडुंगला तिथेही आहेच.

खाण्यात खरी गळती होते. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, बॅगा तपासतात. म्हणून सकाळी पळस्पे फाट्याला थांबून पोटभर खाऊन घ्या. चहा-बिस्किटांवर भागवू नका. दुपारचं जेवण आतच करा आणि साडेबारा-एकच्या गर्दीआधी उरका. उशीर झाला की भुकेली मुलं दिसेल त्या स्टॉलवर हात दाखवतात आणि तिथे एकाचं आईस्क्रीम एकाचंच राहत नाही, ८ जणांना घ्यावं लागतं. परतीचं खाणं मात्र गाडीच्या डिकीत ठेवा. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. पार्किंगमध्ये डिकीचं झाकण उघडं, आत घरातला जुना टेबलक्लॉथ आणि आजूबाजूच्या गाड्यांमधले लोक वास घेत बघताहेत, असं दृश्य असतं. तेव्हा लागलेल्या भुकेचं हॉटेलातलं बिल दोन हजारांच्या खाली येत नाही.

मुलांच्या खरेदीचं असं करा. आत शिरताना प्रत्येकाच्या हातात २०० रुपये रोख ठेवायचे आणि सांगायचं, हे तुझे, उरले तरी तुझे. राइडवरून उतरल्यावर फोटो विकायला काउंटर असतो, बाहेर पडताना दुकान असतं. माझ्या मुलीने त्या दुकानात एक मॅग्नेट उचलला, किंमत उलटून पाहिली, ठेवला. की-चेन उचलली, ठेवली. बापाच्या खिशातून आले असते तर दोन्ही घेतले असते. शेवटी बाहेर येऊन वेफरचं पाकीट घेतलं आणि १८० रुपये पर्समध्ये टाकून चेन लावली.

राहिल्या सासूबाई. त्यांचं तिकीट काढून काय उपयोग, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं मत उलट आहे. ज्येष्ठांचं तिकीट वेगळं असतं, ते बघा. त्या सावलीत बसल्या की बॅगा त्यांच्यापाशी राहतात, लॉकरचे पैसे वाचतात, धाकटा त्यांच्याजवळ राहतो आणि तुम्ही दोघं, नणंद आणि तिचे मिस्टर एकाच वेळी मोठ्या राइडवर जाता. नाहीतर एक जोडी रांगेत, दुसरी बाकावर, असा अर्धा दिवस जातो.

ऐरोलीची_आजी

अकाउंटंट बाळा, सासूबाई म्हणजे लॉकर का? बॅगा सांभाळायला दोन तास प्रवास करून आणायचं म्हातारीला?

वहिनी, मला विचाराल तर तुमच्या मिस्टरांचं राहायचं खूळ मोडू नका, फक्त जागा बदला. तो पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. दिवस तिथे काढा आणि रात्री पालीला मुक्काम करा. बल्लाळेश्वराच्या देवस्थानाचं भक्तनिवास आहे, खोल्या साध्या पण स्वच्छ आणि दर हॉटेलच्या जवळपासही फिरकत नाहीत. आधी फोन करून जागा विचारायची. संकष्टी तेवढी टाळा, पाय ठेवायला जागा नसते.

सकाळी दर्शन. मग जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. गुडघ्यांना बरं वाटतं, मी स्वतः पाय सोडून बसलेय. डॉक्टरी दावा करत नाही. परतताना खालापूरजवळ महडचा वरदविनायक. म्हणजे एका फेरीत अष्टविनायकातले दोन गणपती होतात आणि दुसरा दिवस सासूबाईंचा. मग पहिल्या दिवशी त्या आनंदाने बाकावर बसतील. बॅगाही सांभाळतील, पण स्वतः म्हणून.

महापेचा_अकाउंटंट

काकू, मान्य. लॉकर शब्द मागे घेतो. आणि हिशेबानेही तुमचंच बरोबर आहे. भक्तनिवासाच्या तीन खोल्या घेऊनही हॉटेलच्या एका खोलीपेक्षा कमी पैशांत भागेल.

घोडबंदर_जाम

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एस्सेलवर्ल्डला जा ना, बोटीची मजा वेगळीच.

नेरूळ_पूर्व

दादा, एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्येच बंद झालं. गोराईला आता शेजारचं वॉटर किंगडम आहे. तुम्ही अजून जाममध्येच दिसताय.

वर्तकनगरची_वहिनी

सगळ्यांचे आभार. पालीचं नाव काढल्यावर सासूबाईंनी स्वतःच उद्या फोन लावते म्हटलंय. नणंदेच्या मुलाची शाळा सोमवारी उघडतेय, पण दोन दिवस बुडवायला ती तयार आहे, म्हणून मंगळवार-बुधवार नक्की. एकत्र तिकीट रद्द, फक्त थीम पार्क. डिकीत पुऱ्या आणि लसणाची चटणी, कारण दशम्या आमच्याकडे कोणी खात नाही.

उंची मोजली. मुलगी बोटभराने मोठ्यांच्या तिकिटात गेली. मिस्टर म्हणतात, तू अंबाड्यासकट मोजलीस.

महापेचा_अकाउंटंट

दोन वेण्या घालून परत मोजा. तरी गेली तर मोठ्यांचंच तिकीट काढा. मग निदान नायट्रोला तरी बसू देतील.