अनुभव धागा : पडद्यावर दिसेल तसे पान

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली नेक्स्ट संगणकावर लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये वेबचे पान वाचता येई आणि तिथल्या तिथे दुरुस्तही करता येई. नंतर घरोघरी पोचलेल्या ब्राउझरांत केवळ वाचणे उरले आणि पान करायचे तर टॅग, म्हणजे पानाच्या एचटीएमएल भाषेतल्या खुणा, हाताने लिहिणे आले. १९९५-९६ मध्ये पडद्यावर दिसेल तसेच पान करू देणारी पेजमिल, फ्रंटपेज, नेव्हिगेटर गोल्ड ही साधने आली आणि ही अट सुटली. कोल्हापुरात ज्यांनी ही साधने हाताळली, त्यांनी अनुभव लिहावेत.

उद्यमनगर : २००० साली एका फाउंड्रीसाठी मी फ्रंटपेजमध्ये पाच पाने केली. वर्ड येणाऱ्याला नवे शिकण्यासारखे फारसे नव्हतेच. कास्टिंगचे फोटो ओढून पानावर टाकले, फ्लॉपी घेऊन कॅफेत गेलो, सगळे चढवले. मालकांनी पाहिले तेव्हा मात्र प्रत्येक फोटोच्या जागी लाल फुली होती. पानामागचा कोड दाखवणाऱ्या एचटीएमएलच्या टॅबवर गेल्यावर उलगडा झाला : फोटोंचे पत्ते माझ्याच घरच्या सी ड्राइव्हचे होते, त्यामुळे फक्त मलाच ते दिसत होते. भेटी मोजणारा काउंटरही चालेना, कारण त्यासाठी सर्व्हरवर फ्रंटपेज एक्स्टेन्शन्स ही जोड-सॉफ्टवेअर लागत आणि आमच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर त्या नव्हत्या.

मंगळवार पेठ : नेटस्केप कम्युनिकेटर १९९८ पासून फुकट झाला, त्यातला पाने करण्याचा कंपोझर वापरला. साध्या पानाला पुरेसा होता.

राजारामपुरी : मी क्लासमध्ये ड्रीमविव्हर हे पाने करण्याचे सॉफ्टवेअर शिकवत असे. मॅक्रोमीडियाने तो डिसेंबर १९९७ मध्ये आणला, आणि हाताने लिहिलेला कोड न विस्कटता जपणे हे त्याचे खरे वैशिष्ट्य होते. तरीही टेबलात टेबल घालून, एका पिक्सेलचे पारदर्शक जिफ चित्र ताणून जागा भरण्याची खटपट आम्हाला चुकली नाही.

मार्केट यार्ड : आमच्या अडत दुकानाचे गुळाचे दर मी मराठीत टाकले होते. मुंबईच्या काकांनी फोन करून विचारले, ‘हे इंग्रजीत काय बरळला आहेस?’ युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक क्रमांकपद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी अक्षरामागे रोमन अक्षराचाच क्रमांक असे, आणि तो फॉन्ट त्यांच्या संगणकावर नव्हता. मग सौदे आटोपले की मी पेंटमध्ये दर टंकून त्यांचे चित्र करू लागलो. गुळाच्या रव्यामागे (ढेपेमागे) पाच रुपये हलले तरी नवे चित्र, आणि ते डायलअपवरून चढेपर्यंत काकांचा दराच्या चौकशीचा फोन येऊन गेलेला असे.